ब्राऊन आवडला नाही, मग पुढचा टॅक्टाइल कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवसा कचेरीत जुना टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, रात्री घरून मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम. घरासाठी ७५ टक्के आकाराचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतलात, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असणारा आणि तो बदलता येणारा. त्यात ब्राऊन स्विच आले, हे टॅक्टाइल प्रकारातले, म्हणजे कळ दाबताना मध्येच बोटाला बंप, एक छोटी अडवणूक, देणारे. आणि ज्या बंपचं एवढं कौतुक ऐकलं होतं तो बोटाला सापडतच नाही. आता होली पांडा, बोबा यू४टी आणि झीलिओस व्ही२ या तीन टॅक्टाइल स्विचमधून एक निवडायचाय. व्हिडिओत ऐकलेला भरीव ‘थॉक’ असा आवाज हवाय. आणि जाता जाता तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात: लेकरू त्याच खोलीत झोपतं, आणि मराठी तुम्ही इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करता.

जाता जाता लिहिलेल्या याच दोन गोष्टींवर माझं बरंचसं उत्तर उभं आहे. पण आधी मूळ घोटाळा सोडवू.

मी कीबोर्ड बांधून देतो, सुटे करतो, वंगण घालतो; माझ्याकडे येणारे बहुतेक जण दिवसभर लिहिणारे असतात, प्रोग्रामर, डीटीपीवाले, वकिलांचे टायपिस्ट. त्यातले निम्मे तरी तुमच्यासारखेच एका खरेदीत दोन वेगळ्या गोष्टी मागतात. बोटाला काय जाणवतं ते जवळजवळ सगळं स्विच ठरवतो. कानाला काय ऐकू येतं त्यात स्विचचा वाटा आहे, पण केस (कीबोर्डाचं बाहेरचं खोकं), प्लेट (स्विच ज्यात अडकतात तो पत्रा), कीकॅप (कळीची टोपी), लांब कळांखालचे स्टॅबिलायझर आणि खालचं टेबल यांचा मिळून वाटा त्याहून मोठा आहे. व्हिडिओतल्या आवाजासाठी स्विच घेतलात तर तो आवाज तुमच्या कीबोर्डात येईलच असं नाही, आणि स्पर्श मात्र दुसऱ्या कुणाच्या आवडीचा गळ्यात पडेल. म्हणून स्विच बोटासाठी निवडा. आवाज नंतर बराचसा बदलता येतो, आणि तोही स्वस्तात.

ब्राऊन जाणवत नाही यात तुमच्या बोटांचा काही दोष नाही. बँकेत किंवा सरकारी कार्यालयात टीव्हीएस गोल्ड ज्यांनी वापरलाय त्यांना त्याचा कटकटाट पाठ असतो. त्या जुन्या गोल्डमध्ये चेरी कंपनीचे निळे स्विच असत. निळ्याचा स्टेम, म्हणजे कळीबरोबर खाली-वर सरकणारा भाग, दोन तुकड्यांचा असतो. बंप ओलांडला की खालचा तुकडा झटकन सुटतो, आपटतो आणि क्लिक होते. म्हणजे बोटाला झटका आणि कानाला टिचकी एकाच क्षणी मिळते, आणि मेंदू दोन्हींची बेरीज करून ‘कळ लागली’ असं ठरवतो. दिवसभर त्या बेरजेची सवय लागलेलं बोट रात्री ब्राऊनवर आलं की टिचकी तर गेलीच, आणि राहिलेला बंप मुळात लहान. तुम्ही पहिल्यापासून रबरी पडद्याच्या मेम्ब्रेन कीबोर्डवर किंवा लॅपटॉपवर काम करत असता तर कदाचित हाच ब्राऊन बरा वाटला असता.

हा बंप येतो कुठून ते समजून घेतलं की बाकीची निवड सोपी होते. चेरीच्या एमएक्स पद्धतीच्या स्विचमध्ये स्टेमला एका बाजूला दोन बारीक पाय असतात आणि त्यांच्यासमोर धातूची एक लवचीक पट्टी असते, तिला लीफ म्हणतात. कळ वर असते तेव्हा हे पाय पट्टीला मागे रेटून धरतात. स्टेम खाली गेला की पाय बाजूला होतात, पट्टी पुढे येते, संपर्क जुळतो आणि अक्षर उमटतं. लिनिअर, म्हणजे बंप नसलेल्या, स्विचमध्ये या पायांचा उतार सरळ असतो. टॅक्टाइलमध्ये उतारावर फुगवटा असतो, आणि तो पट्टीवरून सरकताना जी अडवणूक होते तिलाच आपण बंप म्हणतो. स्प्रिंगचं काम वेगळं, ती फक्त कळ वर ढकलते. बंपचा सारा खेळ त्या फुगवट्याच्या आकारात आहे: तो किती वर सुरू होतो, किती पुढे येतो, आणि संपताना हळूहळू उतरतो की एकदम तुटतो.

चेरीच्या ब्राऊनमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. फुगवटा सुरू होण्याआधी थोडा सरळ प्रवास आहे, फुगवटा बेताचा आहे, आणि तो ओलांडण्यापूर्वीच्या व नंतरच्या ताकदीत फरक फार थोडा. सावकाश दाबलं तर जाणवतो. वेगात टाइप करताना मात्र स्टेमच्या घर्षणात तो हरवून जातो. शौकीन मंडळी त्याला ‘रेती गेलेला रेड’ म्हणून चिडवतात; रेड हा चेरीचा लिनिअर स्विच. मला ती चेष्टा थोडी अन्यायाची वाटते, कारण कुणाला जवळजवळ लिनिअरच पण किंचित इशारा देणारा स्विच हवा असेल तर ब्राऊन तेच काम करतो. तुम्हाला ते नकोय, एवढंच.

आता तुमच्या तिघांकडे येऊ.

होली पांडा हा कुणी कारखान्यात बसून आखलेला स्विच नाही. इनपुट क्लबच्या हेलो स्विचचा स्टेम काढून तो इन्व्हायर पांडा नावाच्या लिनिअर स्विचच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवला तर काय होतं, या उद्योगातून तो सापडला. लोक दोन-दोन प्रकारचे स्विच विकत घेऊन, उघडून, जुळवून बसत. पुढे ड्रॉप कंपनीने तयार होली पांडा विकायला काढले आणि ग्लोरियस कंपनीनेही स्वत:चा पांडा आणला. म्हणून ‘पांडा घेतला’ एवढ्यावरून काही कळत नाही. कुणाचा, हे विचारावं लागतं. स्पर्श मोठा, गोलसर, सुरुवातीलाच भेटणारा. खाली टेकतानाचा ठोका ठळक आणि टणक असतो. झोपलेल्या बाळाच्या खोलीत हा स्विच मी तरी बसवणार नाही.

झीलिओस कॅनडातल्या झील पीसी कंपनीचे, बनवलेले गेटरॉन कंपनीने. पहिली आवृत्ती सौम्य होती; व्ही२ मध्ये बंप चांगलाच मोठा झाला. ६२, ६५, ६७ आणि ७८ ग्रॅम अशा वजनांत येतात. स्विच उत्तम आहेत, पण त्यांची किंमत ठरली त्या काळात बाजारात त्यांना तोडीस तोड टॅक्टाइल फार थोडे होते. आज आहेत. त्यामुळे मी हा पर्याय तुमच्या यादीतून काढतो. कारण निव्वळ पैशाचं आहे, दर्जाचं नाही.

बोबा यू४टी हा गॅझ्यू या नावाखाली विकला जाणारा, बनवणारी कंपनी आउटेमू. याचा बंप जवळजवळ वरूनच सुरू होतो आणि बराच वेळ चालतो. आधी मोकळा प्रवास नाही आणि शेवटी एकदम तुटणंही नाही, म्हणून ‘भरलेला’ वाटतो. आवाज खालच्या पट्टीतला, तुम्ही ज्याला थॉक म्हणताय त्याच्या जवळ जाणारा. तुमच्या तिघांत माझी पसंती यालाच. पण याला एक भाऊ आहे, नुसता बोबा यू४, आणि तो तुमच्या यादीत नाही याचं मला नवल वाटलं. यू४ म्हणजे त्याच घराण्यातला सायलेंट. स्टेमवर मऊ पदार्थाच्या छोट्या गाद्या असतात, खाली टेकताना आणि परत वर येताना दोन्ही वेळा त्या ठोका शोषतात. दोन वजनांत मिळतो, ६२ आणि ६८ ग्रॅम.

‘दोन्ही वेळा’ हे महत्त्वाचं आहे. कळ परत वर येते तेव्हा स्टेम वरच्या हाउसिंगवर आदळतो, आणि रात्रीच्या शांततेत हा वरचा ठोका खालच्याइतकाच ऐकू येतो. लोक कीकॅपखाली रबरी ओ-रिंग घालतात; त्यांनी फक्त खालचा ठोका कमी होतो, वरचा तसाच राहतो, आणि प्रवासही थोडा आखूड होतो. टॅक्टाइल स्विचमध्ये ओ-रिंग घालण्याच्या मी विरोधात आहे.

सायलेंट स्विचबद्दलची तक्रारही खरी आहे. खाली टेकताना टणक स्पर्श मिळत नाही, किंचित गुबगुबीत वाटतं. लिनिअर सायलेंटमध्ये हे जास्त खटकतं, कारण तिथे बोटाला धरायला दुसरं काहीच नसतं. यू४ मध्ये वरचा बंप एवढा ठसठशीत आहे की बोटाचं लक्ष तिकडेच राहतं. म्हणूनच ज्यांना स्पर्श सोडायचा नाही आणि घरच्यांची झोपही मोडायची नाही, त्यांना मी बहुतेक वेळा हाच सुचवतो. थॉक मात्र विसरा. यू४ मधून थॉक येत नाही, कुणी कितीही फोम भरला तरी.

म्हणजे तुम्हाला खरं ठरवायचंय ते एवढंच: बाळ झोपलेलं असताना किती टक्के काम होतं? बहुतेक काम तेव्हाच होत असेल तर यू४. बाळ मोठं होऊन वेगळ्या खोलीत जाईल, किंवा तुमचं टेबलच बाहेरच्या खोलीत नेता येईल, तर यू४टी. हे घरच्या परिस्थितीवर आहे, ते मला इथून दिसत नाही.

आता वजन. इथे लोक फार फसतात, कारण प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणचा आकडा छापते. चेरी ब्राऊनवर ५५ लिहिते ते अक्षर उमटण्याच्या आसपासचं बळ आहे, सेंटीन्यूटनमध्ये. ग्रॅम आणि सेंटीन्यूटन व्यवहारात सारखेच धरा. झीलिओसचे किंवा बोबाचे आकडे सांगतात की कळ पूर्ण तळाला नेली की स्प्रिंग किती जोर लावते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘६२ म्हणजे ब्राऊनपेक्षा फार जड नाही’ असा हिशेब केला तर चुकतो. शिवाय मोठ्या बंपच्या स्विचमध्ये सगळ्यात जड क्षण तळाशी नसतो, बंप ओलांडतानाचा असतो, आणि तो आकडा डब्यावर बहुधा छापलेलाच नसतो. तेव्हा कुठल्याही मोठ्या टॅक्टाइलकडून पहिल्या दिवशी ब्राऊनपेक्षा जड वाटण्याचीच अपेक्षा ठेवा.

मग हलकी स्प्रिंग घालून टाकू का, हा पुढचा प्रश्न मला दर वेळी येतो. थोडी घालता येते. चेरीच्या क्लिअर स्विचची स्प्रिंग फार जड म्हणून लोकांनी तिच्या जागी हलकी घातली आणि त्या जोडीला ‘एर्गो क्लिअर’ नाव पडलं. ती जोडी छान आहे. पण याला मर्यादा आहे. कळ वर येतानाही स्टेमला तोच फुगवटा उलट दिशेने ओलांडावा लागतो, आणि त्या वेळी ढकलणारी फक्त स्प्रिंग असते. ती फारच हलकी असेल तर कळ आळसावते, कधी अर्ध्यात अडकते. बंप जेवढा मोठा तेवढी स्प्रिंग हलकी करायला मोकळीक कमी. म्हणून ‘खूप मोठा बंप आणि अगदी हलका स्विच’ ही मागणी कुणीच पुरी करू शकत नाही.

एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. बंप जाणवला की बोट तिथेच थांबवायचं, तळाला न्यायचंच नाही, म्हणजे श्रम वाचतात, असं टॅक्टाइलबद्दल नेहमी सांगितलं जातं. मी एवढ्या लोकांना टाइप करताना पाहतो, असं करणारा क्वचितच भेटतो. उलट मोठा बंप ओलांडायला बोट जो जोर लावतं तो बंप संपल्यावर लगेच थोडाच विरतो, तोच कळीला तळापर्यंत घेऊन जातो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या मशीनवर मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची तयारी केलेली बोटं तर ठोकूनच मारतात, आणि त्यांना ती सवय सोडायला सांगण्यात अर्थ नाही. तुम्हीही तळाला जाणार हे धरून चाला. मग तळाचा स्पर्श आणि तळाचा आवाज दोन्ही हिशेबात घ्यावेच लागतात.

आता इनस्क्रिप्ट. इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी लिहिलेले सल्ले तुम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते इथे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. जोर लावून उच्चारायची सगळी, म्हणजे ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, शिफ्टवर. ण, ळ, श, ष शिफ्टवर. आ, इ, ए सारखे पूर्ण स्वरही शिफ्टवर. साधा ‘आणि’ घ्या: तीन कळा, त्यातल्या दोन शिफ्ट धरून. मराठीच्या एका पानात हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच बघा. शिवाय उजव्या करंगळीला इंग्रजीत फारसं काम नसतं. इनस्क्रिप्टमध्ये तिच्या वाट्याला च, ज, ट, ड आणि य येतात. म्हणजे हाताची सगळ्यात अशक्त दोन बोटं, दोन्ही करंगळ्या, तुमच्याकडे इंग्रजीपेक्षा बऱ्याच जास्त राबतात.

याचा स्विचशी थेट संबंध आहे. पहिलं, ६८ ग्रॅमच्या भानगडीत पडू नका, ६२ च घ्या. दुसरं, शिफ्ट ही टिचकी मारून सोडायची कळ नाही, धरून ठेवायची आहे. धरलेल्या कळीत बंपचा काडीचा उपयोग नसतो; करंगळीला जाणवतं ते फक्त तळाशी स्प्रिंग किती वर ढकलतेय ते. म्हणून दोन्ही शिफ्टखाली हलके सायलेंट लिनिअर घाला. दोनच लागतात, आणि बहुतेक दुकानं दहा-दहाची पाकिटं विकतात. उरलेले कंट्रोल आणि आल्टला जातील. तिसरं, तुमचे ब्राऊन फेकू नका. वरची एफ-कळांची ओळ, एस्केप, बाण, होम-एंड या ठिकाणी ते राहू द्या. त्यामुळे ८० च्या वर स्विच घेण्याची गरज नाही. साठेक यू४ मध्ये तुमचं भागेल. एकाच कीबोर्डात तीन प्रकार म्हणजे विटाळ झाला असं मानणारे लोक आहेत. कीबोर्ड त्यांना वापरायचा नाहीये.

पण पूर्ण संच मागवण्याआधी दहाच मागवा. दुकानातला किंवा मित्राकडचा स्विच हातात धरून, अंगठ्याने दाबून काहीही कळत नाही: अंगठा सगळ्यात बळकट, प्लेट नाही, कीकॅप नाही, आणि तुम्ही मुद्दाम हळू दाबता. अशा वेळी मोठ्यात मोठा बंप नेहमी जिंकतो. त्याऐवजी ते दहा तुमच्या कीबोर्डात या जागी बसवा: डावीकडे काना, एकमात्रा, हलन्त आणि पहिली वेलांटी, उजवीकडे प, र, क, त, आणि करंगळीसाठी च व ज. बाकी सगळे ब्राऊन तसेच. मग नेहमीचं काम करा, मुद्दाम चाचणी म्हणून काही टाइप करू नका. पहिले दोन दिवस नवा स्विच भन्नाटच वाटणार, त्यावर विश्वास ठेवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी तीन गोष्टींकडे लक्ष द्या. च आणि ज मारताना करंगळी नकळत चुकवायला बघते का? हलन्त सुटून जोडाक्षरं तुटायला लागली का? आणि नव्या कळेवरून शेजारच्या ब्राऊनवर गेल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं का? पहिल्या दोनांचं उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचं ‘हो’ आलं तर खुशाल पूर्ण संच घ्या. करंगळी कुरकुरत असेल आणि बाकी बोटं खूष असतील, तर करंगळीच्या कळांखाली ब्राऊनच राहू द्या.

त्या दहांमधून आवाजाची परीक्षा मात्र होणार नाही. सत्तर ब्राऊनच्या गलक्यात दहा सायलेंट ऐकूच येत नाहीत.

बंप आवडला पण हा फारच मोठा निघाला, असं झालं तर मधल्या पायरीसाठी अको कंपनीचे लॅव्हेंडर पर्पल स्विच बघा. हलके आहेत, स्वस्त आहेत, आणि बंप ब्राऊनपेक्षा स्पष्ट आहे. सायलेंट नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

आता आवाजाकडे. यू४ घ्या की यू४टी, तुमच्या कीबोर्डातला सगळ्यात त्रासदायक आवाज स्विचचा नसणार, मोठ्या कळांचा असणार. स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि डावी शिफ्ट या लांब कळा तिरक्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचे स्टॅबिलायझर असतात, आणि तयार कीबोर्डात ते बहुधा कोरडे असतात. तार प्लॅस्टिकमध्ये खुळखुळते. इंग्रजीत शिफ्ट अधूनमधून लागते. मराठीत तुमची डावी शिफ्ट दर शब्दाला खुळखुळणार. त्यामुळे पैसे खर्चायचा पहिला मान स्टॅबिलायझरचा. तारेची टोकं जिथे प्लॅस्टिकमध्ये बसतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा, आणि आतल्या सरकत्या भागांना क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ हात द्या. तार वाकडी असेल तर सपाट काचेवर ठेवून बघा, एक टोक उचललेलं दिसेल. ते हाताने सरळ करावं लागतं. संध्याकाळभराचं काम आहे, आणि त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही महाग स्विचने पडत नाही.

त्यानंतर कीबोर्डाखाली जाड डेस्क मॅट. पोकळ लाकडी किंवा प्लायच्या टेबलावर तर तो हवाच, नाहीतर अर्धा आवाज टेबलच काढतं. मग हवं तर पीसीबीच्या (आतल्या सर्किट बोर्डाच्या) मागच्या बाजूला कागदी मास्किंग टेपचे दोन-तीन थर. बॅटरी आणि कनेक्टर झाकू नका. केसमध्ये पोकळी असेल तर तळाशी फोम. इथपर्यंत आलात की तुमचा आत्ताचा ब्राऊनसुद्धा ओळखू येणार नाही असा वाजेल. शेवटी कीकॅप: जाड पीबीटी प्लॅस्टिकचे कीकॅप खालच्या पट्टीत वाजतात, पातळ एबीएस प्लॅस्टिकचे वरच्या. प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर आवाज टणक, पॉलिकार्बोनेटची असेल तर मऊ. पण तयार कीबोर्डाची प्लेट बदलायला मी सांगणार नाही, तेवढ्यात दुसरा कीबोर्ड येतो.

व्हिडिओतला थॉक या सगळ्यांची मिळून गोळाबेरीज असतो, वर जवळ लावलेला मायक्रोफोन आणि आवाजावर नंतर केलेलं काम. तोच स्विच तुमच्या हातात वेगळा वाजतो यात फसवणूक कुणाची नसते. तुमची केस वेगळी, खोली वेगळी.

स्विचला वंगण घालायचं का, तर यू४ ला माझ्या मते नाही. कारखान्यातून ते बऱ्यापैकी गुळगुळीत येतात, आणि सायलेंट स्विच उघडून हात मारण्यात फायद्यापेक्षा बिघाडाची शक्यता जास्त. यू४टी किंवा दुसरा कुठला टॅक्टाइल घेतलात आणि स्प्रिंगची किणकिण खटकली, तर स्प्रिंगा एका पिशवीत घालून दोन थेंब क्रायटॉक्स १०५ तेल टाकून हलवा. स्टेमच्या बाजूच्या पट्ट्यांना ट्रायबोसिस ३२०३ सारखं पातळ वंगण चालतं. स्टेमच्या पायांना मात्र हात लावू नका. त्या फुगवट्यावर जाड वंगण बसलं की मोठ्या हौसेने घेतलेला बंप पुन्हा ब्राऊनच्या वळणावर जातो.

मनगट किंवा करंगळी आधीच दुखत असेल तर त्याचा उपाय स्विचमध्ये शोधू नका. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, खुर्ची थोडी वर घ्या, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरला दाखवा.

तर क्रम असा लावा: आधी स्टॅबिलायझर आणि डेस्क मॅट, मग ६२ ग्रॅमचे दहा यू४, आठवड्याने निकाल, मग साठचा संच आणि शिफ्टसाठी हलके सायलेंट लिनिअर. टेबल बाहेरच्या खोलीत गेलं तर सगळीकडे यू४ च्या जागी यू४टी वाचा.

मागवण्यापूर्वी तुमच्या कीबोर्डाचं सॉकेट, म्हणजे स्विच खोचायची जागा, तपासून घ्या. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने कळ ओळखणाऱ्या, कीबोर्डात यांतले कुठलेच स्विच चालत नाहीत, आणि काही स्वस्त कीबोर्डांची सॉकेटं फक्त बारीक धातूच्या पायांचेच स्विच घेतात. स्विचला खाली प्लॅस्टिकचे दोन जादा टेकू असतील आणि तुमच्या पीसीबीत त्यांना भोकं नसतील, तर ते टेकू नेलकटरने कापले तरी चालतात. धातूचे पाय मात्र कापायचे नाहीत. बसवताना ते दोन्ही पाय सरळ आहेत ना ते डोळ्यांसमोर धरून बघा, स्विच उभा सरळ दाबा, आणि शक्य असेल तर पीसीबीच्या मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेटच उखडतं. बसवल्यावर एखादी कळ उमटत नसेल तर स्विच खराब निघाला असं समजून दुकानदाराला फोन करण्याआधी तो काढून बघा. बहुतेक वेळा एक पाय आत दुमडलेला असतो. चिमट्याने सरळ केला की काम होतं.